पद्यनाटक ब्रेलमध्ये उतरवताना ओळींचे आकडे कसे सांभाळायचे

पद्यनाटक ब्रेलमध्ये करायला घेतलं की पहिल्या दोन पानांत वाटतं, यात काय एवढं, कविता केल्यात आपण, नाटकंही केलीत, दोन्ही एकत्र करायचं फक्त. मग उजव्या समासातले ते बारीक टायपातले ५, १०, १५ दिसतात आणि तिथून डोकं दुखायला लागतं. छापील पानावर तो आकडा रिकाम्या जागेत निवांत बसलेला असतो, त्याचा कुणाला त्रास नाही. ब्रेलमध्ये फुकटची रिकामी जागा नसते, प्रत्येक सेलचा, म्हणजे एका चिन्हाच्या सहा टिंबांच्या घराचा (डावीकडे वरून खाली १-२-३, उजवीकडे ४-५-६), हिशोब द्यावा लागतो. आणि आकडे गाळून टाकावेत म्हणलं तर तेही जमत नाही, कारण वर्गात शिक्षक ‘ओळ ५६ बघा’ म्हणतात, टीपा ओळीच्या आकड्यावरून दिलेल्या असतात, परीक्षेत संदर्भही तसाच मागतात. आकडा नसेल तर ब्रेल वाचणारा मुलगा अख्खा प्रवेश चाचपत बसतो आणि तोवर वर्ग पुढे गेलेला असतो.

एक आधीच सांगून ठेवतो, मराठीत ‘अंक’ म्हणजे नाटकाचा अंकही आणि नंबरही, त्यामुळे या लेखात नाटकाचा असेल तिथे अंक आणि ओळीचा असेल तिथे आकडा असंच लिहितोय, नाहीतर माझाच गोंधळ होईल.

टाइप करण्याआधी पुस्तक चाळा

हे काम कंटाळवाणं आहे पण टाळू नका. पेन्सिल घेऊन अख्खं नाटक एकदा चाळायचं आणि या गोष्टी टिपून ठेवायच्या: आकडे दर ५ ओळींना आहेत की दर १० ओळींना, प्रत्येक प्रवेशाला १ पासून परत सुरू होतात की सलग चालतात, सगळ्यात मोठा आकडा किती, आणि रंगसूचना मोजणीत धरल्यात का.

शेवटचा मुद्दा महत्त्वाचा, कारण मोजायच्या पद्धती वेगवेगळ्या असतात. बहुतेक शालेय आवृत्त्यांत अंक, प्रवेश, ओळ असा पत्ता असतो आणि फक्त बोललेल्या ओळी मोजतात. पण शेक्सपियरच्या नाटकांसाठी सलग मोजणीचीही एक पद्धत आहे, चार्लटन हिनमन या अभ्यासकाने १९६८ साली १६२३ च्या पहिल्या फोलिओची (शेक्सपियरच्या नाटकांचा पहिला एकत्रित छापील ग्रंथ) छायाप्रत काढली तेव्हा ती वापरली होती, तिच्यात टाइपची प्रत्येक ओळ मोजलेली आहे, रंगसूचनासुद्धा, आणि आकडा नाटकाच्या शेवटापर्यंत वाढत जातो. म्हणजे तिथे चार आकडी संख्या येणार, आणि त्याचा परिणाम थेट तुमच्या उजव्या समासावर होणार.

आणि हो, आवृत्ती कोणती ते पक्कं करून घ्या. त्याच नाटकाच्या दोन आवृत्त्यांत आकडे पाच-सात ओळींनी सहज पुढेमागे होतात, गद्य भागात तर जास्तच. वर्गात जी आवृत्ती आहे तीच ब्रेल करायची, ‘नाटक तेच आहे ना’ म्हणून हाताशी असलेली दुसरी प्रत घ्यायची नाही. नेटवर मिळालेल्या टेक्स्टमधून काम सुरू केलंत तरी आकडे वर्गातल्या छापील प्रतीवरूनच घ्या.

रुंदीचं गणित

नेहमीचं ब्रेल पान ४० सेल रुंद आणि २५ ओळींचं. आकडा उजव्या कडेला, त्याचा शेवटचा सेल ४० व्या जागी. तीन आकडी संख्येला चार सेल लागतात, कारण पुढे ३-४-५-६ टिंबांचं आकडाचिन्ह येतं. मजकूर आणि आकडा यांच्यात निदान दोन सेल मोकळे हवेत, नाहीतर बोटाला तो वाक्याचाच भाग वाटतो. चार अधिक दोन म्हणजे सहा सेल, ते आकड्यांसाठी राखून ठेवायचे, मजकूर ३४ व्या सेलला संपलाच पाहिजे. चार आकडी संख्या असेल तर सात राखा आणि मजकूर ३३ ला थांबवा.

इथे नवीन लोक एक चूक हमखास करतात. ज्या ओळीला आकडा आहे तिथेच सहा सेल सोडतात आणि बाकीच्या चार ओळी पार ४० पर्यंत नेतात, म्हणे कागद वाचतो. वाचतो थोडासा. पण वाचणारा माणूस उजव्या कडेवरून बोट खाली सरकवत आकडा शोधतो, त्या पट्टीत मधेमधे शब्दांची शेपटं आली की त्याला दरवेळी थांबून बघावं लागतं हा आकडा आहे की अक्षर, त्यात ए ते जे ही अक्षरं आणि १ ते ० हे आकडे यांची टिंबं तीच, फरक फक्त आकडाचिन्हाचा. ती सहा सेलची पट्टी वरपासून खालपर्यंत साफ ठेवा, आकडा असो नसो.

हॅम्लेटच्या एका ओळीवर करून बघू

नुसतं बोलून कळत नाही म्हणून एक ओळ मोजूनच दाखवतो. हॅम्लेटची ती सगळ्यांना माहीत असलेली ओळ, ‘टू बी, ऑर नॉट टू बी, दॅट इज द क्वेश्चन’, शेवटी कोलन. इंग्रजीत अक्षरं, स्पेस, विरामचिन्हं मिळून ४२ जागा, वर सुरुवातीच्या कॅपिटलचं चिन्ह धरून साध्या ब्रेलमध्ये ४३ सेल. म्हणजे ४० सेलच्या पानावरही मावत नाही, ३४ चं तर सोडाच.

आता तीच ओळ युनिफाइड इंग्लिश ब्रेलच्या (इंग्रजी ब्रेलची प्रमाण पद्धत) आखूड रूपात, ज्यात ठरावीक शब्द एक-दोन सेलमध्येच लिहितात. ‘नॉट’ एक सेल, ‘दॅट’ एक सेल, ‘द’ एक सेल, ‘क्वेश्चन’ दोन सेल. ‘बी’ला पण एका सेलचं रूप आहे पण इथे दोन्ही वेळा त्याला लगेच स्वल्पविराम चिकटलाय, दोन्ही चिन्हं फक्त खालच्या टिंबांची, म्हणून ते रूप चालत नाही आणि दोन अक्षरं पूर्ण लिहावी लागतात. सगळं मिळून ३० सेल. तिसऱ्या सेलपासून सुरू केली तर ३२ ला संपते, समासाला धक्का नाही, मस्त.

पण ही त्याच्या बोलण्याची पहिलीच ओळ आहे, म्हणजे आधी त्याचं नाव येणार. नाव सगळं कॅपिटलमध्ये असेल तर कॅपिटल शब्दचिन्हाचे २, नावाचे ६, पूर्णविराम १, स्पेस १, झाले १०. दहा अधिक तीस चाळीस. ओळ ३४ ला तोडायची, आणि गंमत म्हणजे ‘इज’ बरोब्बर ३४ व्या सेलला संपतो, ‘द क्वेश्चन’ खाली जातं. पद्यनाटकात हे प्रत्येक पात्राच्या पहिल्या ओळीला होत राहतं, त्याला घाबरायचं नाही, फक्त खाली गेलेला भाग कुठून सुरू होतो ते पक्कं असलं पाहिजे.

१, ३, ५ ची घडी

मी वापरतो ती मांडणी अशी. पात्राचं नाव पहिल्या सेलला, पहिली पद्यओळ नावापुढेच. पुढची प्रत्येक नवीन पद्यओळ तिसऱ्या सेलपासून. कुठल्याही ओळीचा न मावलेला भाग, मग तो नाववाल्या ओळीचा असो नाहीतर दुसऱ्या, पाचव्या सेलपासून.

तीन जागा, तीन अर्थ. डावं बोट १ वर लागलं तर नवीन माणूस बोलतोय, ३ वर लागलं तर नवीन पद्यओळ, ५ वर लागलं तर मागचीच ओळ चालू आहे. वाचणारा ही खूण पहिल्या पानातच पकडतो आणि मग त्याला ओळी मोजता येतात, ५ वाल्या सोडून द्यायच्या. म्हणूनच या तीन जागांत कुठेही लबाडी करू नका. कागद वाचवायला दोन छोट्या पद्यओळी एकाच ब्रेल ओळीत कोंबल्या की मोजणी गेलीच. गद्य लेखात पद्याचं उद्धृत सलग टाकताना ३-४-५ टिंबांचं ओळचिन्ह दोन्ही बाजूंना स्पेस सोडून वापरता येतं, पण आकड्यांच्या नाटकात ते नको.

मधेच गाणं आलं तर त्याला कवितेसारखी वेगळी घडी द्या, वर-खाली एक मोकळी ओळ, झालं.

आता आकडा असलेली ओळच तुटून दोन ब्रेल ओळींवर गेली तर आकडा कुठे? मी पहिल्या भागाच्या कडेला लिहितो, कारण आकडा शोधणाऱ्याला ओळीची सुरुवात हवी असते. तुम्ही ज्या संस्थेसाठी काम करताय तिचा नियम वेगळा असेल तर तो पाळा, पण पूर्ण पुस्तकात एकच पाळा.

वाटून घेतलेली ओळ, जिथे मी आपटलो

पद्यनाटकात बरेचदा एक पद्यओळ दोघं-तिघं मिळून पुरी करतात. समजा असं आहे:

राजा. आलास कधी?
सेवक. आत्ताच.
राजा. आणि दार?
सेवक. उघडं.

चार वेळा पात्र बदललं पण छंदाच्या हिशोबात ही एकच ओळ, आणि आकडाही एकच पुढे सरकतो. छापील पानावर हे पायऱ्यांसारखं दाखवतात, दुसऱ्याचं बोलणं पहिल्याच्या जिथे संपलं तिथून खाली सुरू होतं, नजरेला लगेच कळतं.

माझ्या सुरुवातीच्या एका कामात मी आकडे हाताने न घालता सरळ मोजत गेलो, दर पाच ओळींना एक. वाटून घेतलेल्या ओळींकडे लक्षच नव्हतं, प्रत्येक तुकडा वेगळी ओळ धरला. पहिल्या प्रवेशात फरक दोनचा, तिसऱ्यात सातचा. पुस्तक गेलं, आणि महिन्याभराने ज्या विद्यार्थिनीसाठी केलं होतं तिचा फोन, ‘सर, शिक्षिका ११२ म्हणतात आणि माझ्याकडे ते ११९ वर आहे, मी काय सात वजा करत बसू का?’ काय बोलणार. अख्खा खंड परत काढला. तेव्हापासून आकडा कधीच मोजून टाकत नाही, छापील पानावर ज्या शब्दांशेजारी आहे तिथूनच उचलतो.

ब्रेलमध्ये पायऱ्या करायच्या भानगडीत पडू नका. ३४ सेलमध्ये चार पायऱ्या मावत नाहीत, आणि मावल्या तरी २२ व्या सेलपासून सुरू होणारा शब्द बोटाला सापडत नाही, डावं बोट पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या सेलला शोधतं आणि ओळ मोकळी समजून पुढे जातं. प्रत्येक बोलणं १ पासूनच सुरू करा, आकडा छापील प्रतीत ज्या तुकड्याशेजारी आहे त्याच तुकड्याशेजारी ठेवा. छंद शिकवायचा असेल तर मात्र वाचणाऱ्याला हे तुकडे एका ओळीचे आहेत हे कळायला हवं, त्यासाठी मी प्रवेशाच्या सुरुवातीला ट्रान्सक्रायबर नोटमध्ये (ब्रेल करणाऱ्याने वाचणाऱ्यासाठी दिलेली सूचना) लिहून टाकतो की या प्रवेशात अमुक अमुक आकड्याच्या ओळी वाटून बोलल्यात. पाच-सहा आकड्यांची यादी असते, जागा फार खात नाही.

रंगसूचना

बोलण्याच्या मधली छोटी सूचना कंसात तिथल्या तिथे. छापील प्रतीत ती कंसात असून शिवाय तिरपी असेल तर मी तिरपेपणाची चिन्हं गाळतो, कंसाने काम भागतं, उगाच दोन-दोन सेल कशाला. कंस नसून नुसतं तिरपं असेल तर मात्र चिन्ह हवं, शब्दापुरतं असेल तर ४-६ आणि २, लांब असेल तर ४-६ आणि २-३-५-६ ने सुरू, ४-६ आणि ३ ने बंद.

स्वतंत्र ओळीवरची मोठी सूचना, कोण आलं कोण गेलं वगैरे, ती जास्त आत ढकलायची, मी सातव्या सेलपासून सरळ खाली घेतो, म्हणजे १, ३, ५ शी घोटाळा होत नाही. या सूचनेलाही ३४ ची हद्द लागू. आणि तुमच्या आवृत्तीत सूचना मोजत नसतील तर तिच्याशेजारी चुकूनही आकडा पडू देऊ नका.

मधेच गद्य आलं तर

शेक्सपियरमध्ये हे सतत होतं, राजा पद्यात बोलतो आणि नोकर गद्यात, कधी एकच माणूस मधेच बदलतो. ओळखायचं कसं? छापील ओळ समासापर्यंत भरत जाते आणि पुढची ओळ बहुधा लहान अक्षराने सुरू होते तर गद्य, ओळ आधीच संपते आणि पुढची कॅपिटलने सुरू होते तर पद्य. एकदोन ओळींच्या बोलण्यात हे कळत नाही, मग त्याच पात्राचं आधीचं बोलणं बघा, किंवा आवृत्तीच्या टीपा.

गद्यातला आकडा त्या छापील पानाच्या ओळीचा असतो, छंदाचा नाही. ब्रेलमध्ये ओळ वेगळ्या ठिकाणी तुटणार म्हणजे आकडा ब्रेल ओळीच्या मधेच कुठेतरी येणार. प्रत्येक छापील ओळ नवीन ब्रेल ओळीवर सुरू करणं हा एक मार्ग, शोधायला सोपा पण पानं फुगतात. मी बहुतेक वेळा गद्य सलग सोडतो, नाव पहिल्या सेलला आणि खालचं सगळं तिसऱ्याला, आणि आकडा असलेली छापील ओळ ज्या ब्रेल ओळीत सुरू होते तिच्या कडेला आकडा देतो. एखादा शब्द छापील ओळीच्या शेवटी तुटला असेल तर तो अख्खा आधीच्या ओळीचा धरायचा. हे सगळं नोटमध्ये सांगायचं, वाचणाऱ्याला अंदाज करायला लावायचं नाही.

पानाचे कोपरे

उजवा समास आकड्यांचा झाला, पण उजवे कोपरे आधीच पाननंबरांनी घेतलेले असतात. अमेरिकन पद्धतीत वरच्या उजव्या कोपऱ्यात छापील पानाचा नंबर आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात ब्रेल पानाचा. आता २५ व्या ओळीवर ८५ वी पद्यओळ आली तर एका ओळीत ८५ आणि पाननंबर दोन्ही, बोटाला काय कळणार. अशा वेळी ती पद्यओळ सरळ पुढच्या पानावर ढकला, खालची ओळ मोकळी राहिली तर राहू दे. पहिल्या ओळीचंही तेच.

छापील पान ब्रेल पानाच्या मधेच बदलतं तिथे ३-६ टिंबांची आडवी ओळ आणि तिच्या उजव्या टोकाला चिकटून नवीन पानाचा नंबर. आडवी रेघ बोटाला आधी लागते म्हणून हा नंबर ओळीच्या आकड्याशी घोटाळत नाही.

आणि पात्राचं नाव एकटं पानाच्या तळाशी सोडू नका, निदान दोन पद्यओळी तरी सोबत हव्यात.

टीपा वेगळ्या खंडात

शालेय आवृत्तीत पानाच्या तळाशी किंवा समोरच्या पानावर शब्दार्थ असतात, ओळीच्या आकड्याने जोडलेले. ते मजकुरात मधेमधे घातले की नाटक तुटतं. मी टीपांचा खंड वेगळा करतो, म्हणजे वाचणारा दोन खंड शेजारी उघडून एक हात नाटकावर आणि एक हात टीपांवर ठेवू शकतो. टीपांच्या खंडात आकडा डाव्या कडेला पहिल्या सेलपासून, मग शब्द, मग अर्थ, न मावलेला भाग तिसऱ्यापासून. वर प्रत्येक पानावर अंक आणि प्रवेश लिहा, नाहीतर ‘४२’ कुठल्या प्रवेशातला ते शोधत बसावं लागतं.

सॉफ्टवेअर आणि मशिन

ब्रेलब्लास्टर हे अमेरिकन प्रिंटिंग हाउसचं, फुकट आहे, डक्सबरीला पैसे पडतात, दोन्हींत पद्याच्या स्टाइल लावता येतात. लिबलुईस मुक्त आहे पण ते मुळात अक्षरांचं ब्रेल करून देतं, पानाची मांडणी वेगळ्या प्रोग्रामने करावी लागते. कुठलंही वापरा, आकडे घालून झाल्यावर मजकुरात दुरुस्ती करू नका, आधी मजकूर पक्का करा, नाहीतर एक शब्द वाढला की आकडा भलत्या ओळीवर जातो आणि सॉफ्टवेअर काही तक्रार करत नाही.

पर्किन्सवर, म्हणजे ब्रेलच्या टाइपरायटरवर, हाताने करणाऱ्यांसाठी, त्यात ४२ सेल मावतात, आधी उजवा समास सरकवून ४० करा. मजकूर ३४ ला थांबवायची जबाबदारी तुमची, घंटीच्या भरवशावर राहू नका. आकडा टाकताना मागून मोजा: दोन आकडी असेल तर आकडाचिन्ह ३८ ला, तीन आकडी असेल तर ३७ ला.

ब्रेल डिस्प्लेवर (फाइलमधला मजकूर टिंबांच्या एका ओळीत उठवून दाखवणारं यंत्र) वाचणाऱ्यासाठी फाइल देणार असाल तर आधी विचारा. २० सेलच्या डिस्प्लेवर ४० सेलची ओळ दोनदा सरकवावी लागते आणि दुसऱ्या वेळी हाताला नुसत्या मोकळ्या सेलनंतर एक आकडा लागतो, वैताग येतो लोकांना. अशांना मी आकडा पद्यओळीच्या सुरुवातीला देतो.

नोट लिहा, मग बोटाने तपासा

ट्रान्सक्रायबर नोट ४, ४-६, १-२-६ ने उघडते आणि ४, ४-६, ३-४-५ ने बंद होते, सातव्या सेलपासून सुरू, पुढचं पाचव्यापासून. मजकूर साधा ठेवा, साधारण असा: ‘ओळींचे आकडे उजव्या कडेला, छापील प्रतीप्रमाणे दर ५ ओळींना. नवीन पद्यओळ तिसऱ्या सेलपासून, तिचा उरलेला भाग पाचव्यापासून. वाटून बोललेल्या ओळी छापील प्रतीत पायऱ्यांनी दाखवल्या आहेत, इथे त्यांची यादी प्रवेशाच्या सुरुवातीला आहे. गद्यातला आकडा छापील ओळ जिथे सुरू होते त्या ब्रेल ओळीवर आहे.’ एवढं पुरे.

तपासणी दोनदा. एकदा नेहमीसारखं वाचून, आणि एकदा नुसती उजवी कड, मजकूर वाचायचाच नाही, बोट खाली सरकवत ५, १०, १५, २०, कुठे आकडा गळलाय, कुठे दोनदा आलाय, कुठे एखादं अक्षर पट्टीत घुसलंय. मग प्रत्येक प्रवेशाचा शेवटचा आकडा छापील प्रतीशी ताडून बघा. नाही जुळला तर प्रवेशाच्या मधला आकडा बघा, तो जुळला तर चूक पुढच्या अर्ध्यात, नाही जुळला तर मागच्या, परत त्या अर्ध्याचा मधला. दोनशे ओळींच्या प्रवेशात पाच-सहा वेळा असं केलं की चुकलेली जागा सापडते, आणि दहातल्या आठ वेळा तिथे एक वाटून घेतलेली ओळ असते.